मुदतपूर्व जन्मलेल्या प्रौढांचे हृदय व रक्तवाहिन्यांचे आरोग्य

मुदतपूर्व जन्मलेल्या प्रौढांचे हृदय व रक्तवाहिन्यांचे आरोग्य हा नवजात बालकांचे वैद्यक आणि हृदयविकारशास्त्र यांना जोडणारा अभ्यासविषय आहे. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या जन्मास मुदतपूर्व किंवा अकाली जन्म म्हणतात. बोलीभाषेत अशा बाळास ‘अपुऱ्या दिवसांचे’ किंवा ‘कमी दिवसांचे’ बाळ म्हटले जाते. असे बाळ वाचले, वजन वाढले आणि ते शाळेत जाऊ लागले की अकाली जन्माचा प्रश्न संपला, असा समज दीर्घकाळ होता. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या पाहणींतून मात्र असे दिसून आले की, या व्यक्तींमध्ये प्रौढपणी रक्तदाब सरासरीने थोडा अधिक असतो, हृदयाची रचना काहीशी वेगळी असते आणि हृदयविकाराचा धोका मुदतीत जन्मलेल्यांपेक्षा जास्त असतो. हा धोका जन्म जितका लवकर झाला तितका वाढतो. तरीही तरुण वयातील प्रत्यक्ष रुग्णसंख्या कमी असून बहुसंख्य व्यक्ती निरोगी जीवन जगतात.

व्याख्या आणि वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार मुदतपूर्व जन्माचे तीन गट पडतात. २८ आठवड्यांपूर्वीचा जन्म ‘अत्यंत मुदतपूर्व’, २८ ते ३२ आठवड्यांच्या आतील जन्म ‘फार मुदतपूर्व’ आणि ३२ ते ३७ आठवड्यांच्या आतील जन्म ‘मध्यम ते उशिराचा मुदतपूर्व’ मानला जातो. बहुतांश मुदतपूर्व जन्म तिसऱ्या गटात मोडतात. २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके मुदतपूर्व जन्मली, म्हणजे दर दहा जन्मांमागे साधारण एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख जन्म भारतातील होते आणि ही संख्या कोणत्याही देशापेक्षा अधिक होती.

मुदतपूर्व जन्म आणि जन्मतः कमी वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २.५ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ पूर्ण दिवसांचे असूनही गर्भात नीट न वाढलेले असू शकते. याउलट ३५व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे वजन त्या आठवड्याच्या मानाने अगदी योग्य असू शकते. काही बालके अकाली जन्मलेली आणि खुंटलेल्या वाढीची, अशी दोन्ही असतात. हृदयावरील दूरगामी परिणामांचा विचार करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण दोन्ही कारणांचे परिणाम अंशतः सारखे असले तरी त्यांचे मार्ग वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फार लवकर जन्मलेली बालके क्वचितच जगत. त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण अपरिपक्व फुप्फुसे हे होते. १९५९ साली मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या बालकांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट या पदार्थाची कमतरता असते, हे दाखवून दिले. हा पदार्थ फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश उघडे ठेवतो. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि श्वसनाच्या याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला. आज अशा बाळाची जगण्याची शक्यता अतिशय चांगली असते.

१९७२ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहॅम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी मातेस स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे सिद्ध केले. १९८० साली जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देण्याचा पहिला यशस्वी उपचार प्रसिद्ध केला. या शोधांमुळे, तसेच श्वसनयंत्रे व नवजात अतिदक्षता विभागांच्या प्रसारामुळे जगणाऱ्या बालकांची संख्या झपाट्याने वाढली. अत्यंत मुदतपूर्व जन्मून जगलेल्यांची पहिली मोठी पिढी त्यामुळे आता कोठे मध्यम वयात येत आहे.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक वेगळा विचार पुढे आला. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात सुइणींनी १९११ पासून ठेवलेल्या नोंदींचा मागोवा घेतला. जन्मतः आणि पहिल्या वाढदिवशी वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते, हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. प्रौढपणीच्या रोगांची बीजे गर्भावस्थेत व बाल्यात पेरली जातात, या विचारास ‘बार्कर गृहीतक’ असे नाव मिळाले. हे काम मुख्यतः जन्मवजनावर आधारलेले होते. जन्म किती आठवड्यांनी झाला याचा स्वतंत्र विचार पुढील दशकांत होऊ लागला.

शरीरातील बदल

गर्भावस्थेचे शेवटचे तीन महिने हा अवयवांच्या जडणघडणीचा काळ असतो. मुदतपूर्व जन्मात हे काम अर्धवट असतानाच शरीराला बाहेरील जगाशी जुळवून घ्यावे लागते. पुढील बहुतेक परिणामांचे मूळ या वेळेच्या विसंगतीत आहे.

हृदय: गर्भात रक्ताभिसरणाचा मोठा भाग वारेतून होतो. वारेतील रक्तप्रवाहास अडथळा कमी असल्यामुळे हृदयास फार जोर लावावा लागत नाही. नाळ कापली जाताच हा मार्ग बंद होतो आणि डाव्या निलयास अधिक दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे हृदय या बदलासाठी तयार असते. अकाली जन्मलेल्या बाळात हृदयस्नायूच्या पेशी अद्याप विभाजन पावत असतात. अशा वेळी वाढलेला भार पेलण्यासाठी त्या संख्येने वाढण्याऐवजी आकाराने वाढू लागतात, असे मेंढ्यांवरील प्रयोगांवरून दिसते. त्यातच फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद होणे अपेक्षित असलेली वाहिनी (डक्टस आर्टेरिओसस) या बालकांत पुष्कळदा उघडी राहते आणि हृदयावरील भार आणखी वाढतो.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात अॅडम लेवांडोव्स्की, पॉल लीसन आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून पाठपुरावा झालेल्या १०२ मुदतपूर्व जन्मलेल्या तरुण प्रौढांची चुंबकीय अनुस्पंदन तपासणी (एमआरआय) केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डावे निलय आखूड व आतून लहान, पण वजनाने अधिक आढळले. जन्म जितका आधीचा, तितके हे वजन जास्त होते. विश्रांतीच्या स्थितीत हृदयाची एकूण पंपक्षमता टिकून होती. मात्र याच संशोधकगटाच्या २०१८ मधील अभ्यासात व्यायामाचा ताण दिल्यावर ही क्षमता अपेक्षेइतकी वाढत नसल्याचे दिसले. राखीव क्षमतेतील ही उणीव दैनंदिन जीवनात सहसा जाणवत नाही.

रक्तवाहिन्या: धमन्यांच्या भित्तिकांना लवचिकपणा देणारे इलॅस्टिन हे प्रथिन मुख्यतः गर्भावस्थेच्या उत्तरार्धात व जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात साठते. त्याचे आयुष्य अनेक दशकांचे असते आणि प्रौढपणी ते नव्याने फारसे तयार होत नाही. त्यामुळे सुरुवातीस राहिलेली तूट नंतर सहज भरून निघत नाही. मुदतपूर्व जन्मलेल्यांमध्ये महाधमनी तुलनेने अरुंद आणि काही अभ्यासांनुसार अधिक ताठर असल्याचे आढळते. त्वचेतील व डोळ्यांच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळेही विरळ असल्याच्या नोंदी आहेत. सूक्ष्म वाहिन्या कमी असल्यास रक्तप्रवाहास होणारा विरोध वाढतो आणि रक्तदाब वाढण्यास वाव मिळतो.

मूत्रपिंडे: मूत्रपिंडातील गाळणीचे एकक म्हणजे नेफ्रॉन. मानवात नेफ्रॉनची निर्मिती गर्भावस्थेच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नेफ्रॉन शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात. त्यानंतर आयुष्यभर नवे नेफ्रॉन निर्माण होत नाहीत. अकाली जन्मानंतर ही निर्मिती काही काळ चालू राहते, परंतु ती लवकर थांबते आणि काही नेफ्रॉन सदोष बनतात. अमेरिकी मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये असे मांडले की, नेफ्रॉनची संख्या कमी असल्यास उरलेल्यांवर अधिक भार पडतो, शरीरातील मीठ बाहेर टाकण्याची क्षमता घटते आणि कालांतराने रक्तदाब वाढतो. मुदतपूर्व जन्म व उच्च रक्तदाब यांतील संबंधाचे हे एक प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते.

फुप्फुसे आणि उजवे निलय: श्वसनयंत्र व प्राणवायूची दीर्घकाळ गरज भासलेल्या बालकांत ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेशिया हा फुप्फुसांचा जुनाट विकार उद्भवू शकतो. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी राहिल्यास तेथील रक्तदाब वाढतो आणि त्याचा ताण हृदयाच्या उजव्या निलयावर येतो. ऑक्सफर्डच्या अभ्यासात उजव्या निलयातील बदल डाव्यापेक्षाही ठळक होते.

चयापचय: फिनलंडमधील हेलसिंकी येथे १.५ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या तरुणांच्या पाहणीत, मुदतीत जन्मलेल्यांच्या तुलनेत इन्सुलिनची पातळी अधिक आणि रक्तदाब जास्त आढळला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामुळे मधुमेहाची प्रवृत्तीही या विषयाच्या कक्षेत आली.

प्रौढपणी आढळणारे धोके

रक्तदाब: सर्वांत सातत्याने आढळणारा परिणाम म्हणजे वाढलेला रक्तदाब. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांनुसार मुदतपूर्व जन्मलेल्या प्रौढांचा वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब सरासरीने सुमारे ३ ते ४ मिलिमीटर आणि खालचा (डायस्टॉलिक) सुमारे २ मिलिमीटरने अधिक असतो. एखाद्या व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक किरकोळ वाटतो. परंतु मध्यम वयातील लोकसमूहांत वरचा रक्तदाब केवळ २ मिलिमीटरने कमी असला, तरी पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी कमी असतात, असे मोठ्या पाहणींतून दिसून आले आहे. त्यामुळे लक्षावधी लोकांमध्ये विभागलेला हा लहानसा फरक सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने दखलपात्र ठरतो.

कोरोनरी धमन्यांचा विकार: स्वीडनमध्ये प्रत्येक जन्माची व रुग्णालयीन निदानाची राष्ट्रीय नोंद ठेवली जात असल्याने असे अभ्यास तेथे शक्य झाले. १९७३ ते १९९४ या काळात जन्मलेल्या सुमारे २१ लाख व्यक्तींच्या पाठपुराव्यात, ३० ते ४३ वर्षे वयात हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्याचा विकार मुदतपूर्व जन्मलेल्यांत सुमारे दीडपट आढळला. ३७ व ३८ आठवड्यांनी जन्मलेल्यांतही, म्हणजे व्याख्येनुसार ‘मुदतीत’ जन्मलेल्यांतही, तो पूर्ण ३९ आठवडे व त्यापुढे जन्मलेल्यांपेक्षा थोडा अधिक होता.

हार्ट फेल्युअर: हृदयाची पंपक्षमता अपुरी पडण्याच्या या विकाराबाबत स्वीडनमधील २६ लाखांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाल्य व तारुण्यात या विकाराचे प्रमाण २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांत सुमारे १७ पट, तर २८ ते ३१ आठवड्यांच्या गटात साडेतीन पटींहून अधिक होते. ३२ आठवड्यांनंतर जन्मलेल्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही.

गर्भारपण: मुदतपूर्व जन्मलेल्या स्त्रियांना स्वतःच्या गर्भारपणात उच्च रक्तदाब व मधुमेह यांसारख्या गुंतागुंती होण्याची शक्यता काहीशी अधिक असते.

सापेक्ष आणि प्रत्यक्ष धोका

‘दीडपट’ किंवा ‘सतरा पट’ असे आकडे वाचताना मूळ प्रमाण किती हे पाहणे आवश्यक असते. कोरोनरी विकाराच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात २१ लाखांपैकी सुमारे १,९०० व्यक्तींना, म्हणजे हजारी एकाहून कमी व्यक्तींना, हा विकार झाला. हार्ट फेल्युअरच्या अभ्यासात २६ लाखांहून अधिक व्यक्तींमध्ये एकूण ५०१ रुग्ण आढळले. दुर्मीळ रोग अनेक पटींनी वाढला, तरी तो बहुधा दुर्मीळच राहतो. शिवाय स्वीडनमधीलच २०१९ च्या एका अभ्यासानुसार १८ ते ४३ वर्षे वयोगटातील मुदतपूर्व जन्मलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के व्यक्ती कोणत्याही मोठ्या जुनाट आजाराविना जगत होत्या. मुदतीत जन्मलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. मात्र अत्यंत मुदतपूर्व जन्मलेल्यांत ते बरेच कमी होते.

दुसरी बाजू अशी की, हृदयविकार प्रामुख्याने पन्नाशीनंतरचा आजार आहे. तारुण्यात दुर्मीळ असलेला रोग त्या वयात सर्वसामान्य होतो आणि तेव्हा दीडपट धोका म्हणजे बरीच मोठी रुग्णसंख्या ठरू शकते. रक्तदाबावर तरुणपणीच लक्ष ठेवण्याचे समर्थन याच कारणाने केले जाते.

कारण आणि परिणाम वेगळे करण्यातील अडचणी

मुदतपूर्व जन्म हा अनेक वेगवेगळ्या कारणांचा शेवट असतो. मातेचा उच्च रक्तदाब, गर्भारपणातील प्री-एक्लाम्पशिया, जंतुसंसर्ग, जुळी गर्भधारणा, धूम्रपान व दारिद्र्य ही त्यांतील काही कारणे होत. यांतील काहींचा अपत्याच्या रक्तदाबाशी स्वतंत्र संबंध आहे. उदाहरणार्थ, प्री-एक्लाम्पशिया झालेल्या मातांच्या मुलांचा रक्तदाब ती मुदतीत जन्मली असली तरी सरासरीने अधिक आढळतो. कुटुंबातील आनुवंशिक व सामाजिक घटकांचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी स्वीडिश संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. तीतून असे दिसले की, सामायिक कौटुंबिक घटकांमुळे या संबंधाचा काही भागच स्पष्ट होतो.

उपचारांचा परिणाम हाही स्वतंत्र प्रश्न आहे. प्रसूतीपूर्वी दिलेल्या स्टेरॉइडमुळे पुढे हृदयास अपाय होईल का, ही शंका होती. ऑकलंडच्या मूळ चाचणीतील बालकांची तिशीत तपासणी केली असता रक्तदाब व इतर प्रमुख धोकाघटकांत स्टेरॉइड मिळालेल्या व न मिळालेल्या गटांत फरक आढळला नाही. इन्सुलिनच्या प्रतिसादात मात्र किंचित फरक दिसला.

आरंभीच्या पोषणाचा प्रभाव

१९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये अॅलन ल्युकस यांच्या नेतृत्वाखाली मुदतपूर्व बालकांच्या आहारावर चाचण्या झाल्या. काही बालकांना दूधपेढीतील मानवी दूध, तर काहींना खास तयार केलेले कृत्रिम दूध देण्यात आले. कोणास काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवले असल्याने निष्कर्षांना विशेष वजन आहे. ही मुले १३ ते १६ वर्षांची झाल्यावर मानवी दूध मिळालेल्यांचा सरासरी धमनी रक्तदाब सुमारे ४ मिलिमीटरने कमी आढळला. मुदतपूर्व जन्मामुळे पडणाऱ्या फरकाच्या जवळपास हा आकडा जातो. पुढे प्रौढपणी केलेल्या तपासणीत मानवी दूध अधिक मिळालेल्यांच्या हृदयाचे आकारमानही सामान्याच्या जवळ असल्याचे दिसून आले.

येथे एक पेच उद्भवतो. अकाली जन्मलेल्या बाळाच्या मेंदूच्या विकासासाठी पहिल्या काही आठवड्यांत पुरेसे पोषण व वाढ अत्यावश्यक असते. त्याच वेळी बाल्यातील अतिवेगाने वाढलेले वजन पुढील स्थूलता व रक्तदाब यांच्याशी निगडित आहे. त्यामुळे आरंभी वाढ खुंटू न देणे आणि नंतरच्या वर्षांत अनावश्यक वजनवाढ टाळणे असा समतोल साधण्याचा प्रयत्न केला जातो.

भारत आणि महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. तिचा तात्कालिक हेतू अशक्त बालकांना जंतुसंसर्गापासून वाचवणे हा होता. मानवी दुधाचे हृदयावरील दूरगामी लाभ नंतर स्पष्ट होत गेले.

पुण्यातील केईएम रुग्णालय या विषयाच्या दोन धाग्यांशी जोडलेले आहे. तेथील नवजात अतिदक्षता विभागातून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी गेलेल्या, २ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बालकांचा ‘पुणे लो बर्थ वेट स्टडी’ या अभ्यासात तारुण्यापर्यंत पाठपुरावा करण्यात आला. भारतात असा प्रदीर्घ पाठपुरावा विरळा आहे. दुसरीकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळील गावांत माता व बालकांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. तरीही वजनाच्या मानाने पुण्याच्या बालकांत स्नायू कमी आणि चरबी अधिक असल्याचे दिसले. भारतीयांना मधुमेह व हृदयविकार तुलनेने लवकर गाठतात. अशा लोकसंख्येत अकाली जन्माच्या धोक्याची भर पडते, त्यामुळे स्वीडन किंवा इंग्लंडमधील आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

भारतातील शासकीय रुग्णालयांतील विशेष नवजात शिशु काळजी कक्षांमुळे जगणाऱ्या मुदतपूर्व बालकांची संख्या वाढली आहे. या कक्षांतून घरी गेलेल्या बालकांना आशा कार्यकर्तींमार्फत गृहभेटी दिल्या जातात. हा पाठपुरावा मुख्यतः वाढ, लसीकरण, दृष्टी, श्रवण व विकास यांवर केंद्रित असतो आणि तो बाल्यातच संपतो.

तपासणी आणि प्रतिबंध

अमेरिकी बालरोग अकादमीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांचा रक्तदाब सर्वसाधारणपणे तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी मोजावा. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांत मात्र त्याही आधीपासून मोजणे अपेक्षित आहे. प्रौढांच्या बाबतीत पुढील बाबी उपयुक्त मानल्या जातात:

- जन्म किती आठवड्यांनी झाला याची माहिती स्वतःच्या आरोग्यनोंदीत ठेवणे आणि ती डॉक्टरांना सांगणे. यासाठी जन्मवेळची रुग्णालयीन कागदपत्रे जपून ठेवणे हितावह असते.
- तारुण्यापासून रक्तदाब नियमित मोजणे, तसेच गरजेनुसार रक्तातील साखर, मेद व लघवीतील प्रथिने तपासणे.
- तंबाखू व धूम्रपान टाळणे. फुप्फुसांची राखीव क्षमता मुळातच कमी असलेल्यांसाठी हे अधिकच महत्त्वाचे आहे.
- आहारातील मीठ मर्यादित ठेवणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे.
- वजन आटोक्यात ठेवणे आणि नियमित व्यायाम करणे. हृदयाची रचना वेगळी असणे म्हणजे व्यायामास मनाई नव्हे. मात्र धाप लागणे, छातीत दुखणे किंवा घेरी येणे अशी लक्षणे दिसल्यास तपासणी आवश्यक असते.
- गर्भारपणात स्वतःच्या मुदतपूर्व जन्माची माहिती स्त्रीरोगतज्ज्ञांना देणे.

या उपायांपैकी बहुतेक सर्वसामान्य लोकांनाही लागू पडतात. मुदतपूर्व जन्मलेल्यांसाठी फरक इतकाच की, ते लवकर सुरू करण्यास सबळ कारण असते. व्यवहारात प्रौढ रुग्णाच्या पूर्वेतिहासात आईवडिलांचे आजार, व्यसने व शस्त्रक्रिया यांची विचारणा होते, पण ‘तुमचा जन्म पूर्ण दिवसांनी झाला का?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

संशोधनाची मर्यादा

या विषयातील बहुतेक मोठे अभ्यास उत्तर युरोपातील असून त्यांतील व्यक्ती अद्याप साठीच्या आतील आहेत. १९७० च्या दशकात जगलेली मुदतपूर्व बालके प्रामुख्याने ३२ आठवड्यांनंतर जन्मलेली होती. आज २४ किंवा २५ आठवड्यांनी जन्मूनही जगणाऱ्या बालकांना मिळणारे उपचार त्या काळापेक्षा पुष्कळ सौम्य व सुधारित आहेत, पण त्यांची अपरिपक्वताही अधिक आहे. त्यामुळे जुन्या पिढीचे निष्कर्ष नव्या पिढीस लावताना सावधगिरी बाळगावी लागते. जन्माच्या वेळच्या आठवड्यांची अचूक नोंद आणि तिचा प्रौढपणापर्यंतचा पाठपुरावा या दोन्ही गोष्टी जेथे उपलब्ध असतील, तेथेच या प्रश्नांची विश्वसनीय उत्तरे मिळू शकतात.